नवं होण्याआधी

माझं डोकं पटकन फिरतं, म्हणून मला लीडर केलं. यात कौतुकाचं काही नाही. डहाणूच्या कॉलेजात आमच्या मॅडमनी प्रोजेक्टसाठी पाच जणांचा गट केला आणि विचारलं, लीडर कोण होणार? चौघंही जमिनीकडे बघायला लागले. मी म्हटलं, "अहो मॅडम, इथं हजेरीला 'हजर' म्हणायला घसा बसतो सगळ्यांचा, आणि तुम्ही लीडर विचारताय." मॅडम म्हणाल्या, "झालं तर मग. तूच." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पदवीची परीक्षा झाल्यावर कॉलेजनं पावसाळा ते दिवाळी असा एक कोर्स काढला होता. नाव लांबलचक होतं. शाश्वत शेती, कौशल्य, नेतृत्व, रोजगार, सगळं त्यात कोंबलेलं. साध्या भाषेत सांगायचं तर गंजाडजवळ एका शेतकऱ्यानं कॉलेजला जमिनीचा तुकडा वापरायला दिला होता. त्यात रासायनिक खत न घालता भात लावायचं, आलेल्या तांदळाचं काहीतरी विकण्याजोगं बनवायचं, आणि ते करता करता माणसं कशी धरून ठेवायची, चारचौघांत कसं बोलायचं ते शिकायचं. शेवटी खाद्यपदार्थ बनवणाऱ्या एका कंपनीच्या बाई बघायला येणार होत्या आणि आमच्यातल्या एकाला वर्षभर शिकाऊ म्हणून, तिथंच राहायच्या सोयीसकट, घेणार होत्या. फक्त एकाला. ती जागा मला हवी होती. इतकी हवी होती की सकाळी डोळे उघडले की पहिला विचार तिचाच.

कारण घरचं सगळं ठरलेलं होतं. आमचा पाडा तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाला. माझी ताई हायवेपलीकडे गुजरातच्या हद्दीत एका कंपनीत पॅकिंगला जाते. दिवसभर उभं राहून खोके भरायचे. घरी आली की पाय भिंतीला लावून पडते आणि तेव्हा तिच्याशी कुणी बोललेलं तिला खपत नाही. तिच्याच लाइनवर माझ्यासाठी शब्द टाकून ठेवलेला होता. बाबा म्हणाले, "दिवाळीपर्यंत तुझं ते कॉलेजचं बघ. नाय जमलं तर ताईबरोबर जा." मी भांडायला तोंड उघडलं, पण ते ओरडलेच नव्हते. न ओरडणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं ते मला अजून जमलेलं नाही.

गटात मी, नरपडची एक मुलगी, डहाणू गावातल्या दुकानदाराचा मुलगा आणि आमच्याच बाजूचे दोन मुलगे. हे दोघे शेतात वाघ आणि वर्गात गोगलगाय. दुकानदाराच्या मुलाकडे लॅपटॉप होता, आणि चिखलात पाय घालायची वेळ आली की तो लॅपटॉप नेमका चार्जिंगला असायचा. नरपडची मात्र कामाला वाघीण. तिच्या घरी मासळी सुकवतात, त्यामुळे ऊन कधी धरायचं आणि कधी सोडायचं हे तिला न सांगता कळायचं. जुन्या खिडक्यांच्या काचा आणि काळा रंग दिलेला पत्रा जोडून आम्ही उन्हावर चालणारा ड्रायर केला तो तिच्याच डोक्यानं.

चिकूच्या वाडीतला पालापाचोळा आणि कॅन्टीनचा ओला कचरा पोत्यांनी वाहून आम्ही खताचा खड्डा भरला. रोपं लावली. निंदणीच्या वेळी आमच्या बाजूच्या त्या दोन मुलग्यांवर मी असं तोंड सोडलं की ते यायचेच बंद झाले. मॅडम म्हणाल्या, "आता काय करणार लीडर?" त्या 'लीडर' असं म्हणायच्या की अंगावर काटा यायचा. मग मी इको, म्हणजे आमच्याकडची शेअरची गाडी, धरून त्यांच्या पाड्यावर गेले आणि म्हटलं, "हे बघा, मी ओरडणार. ते माझ्यानं बंद होणार नाही. तुम्ही कान बंद करा, पण शेतात या." ते दोघे हसले आणि आले. मॅडमनी नंतर वर्गात 'संवादकौशल्य' म्हणून काहीतरी शिकवलं, त्यात हे नव्हतं.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे नव्या हंगामाचा दाणा असाच तोंडात टाकत नाहीत. आधी तो कणसरीला, म्हणजे आमच्या धान्याच्या देवीला, दाखवायचा. त्याचा दिवस भगत सांगतो. त्या दिवशी पाड्यातली सगळी घरं नवा भात शिजवतात, एकमेकांकडे जेवतात, आणि मग नवं खायला मोकळी होतात. याला आम्ही 'नवं होणं' म्हणतो. ते होईपर्यंत कणगीत कितीही भात असो, घरात शिजतो जुना किंवा रेशनचा. दिवाळीच्या आसपास नवं होतं, आणि कंपनीच्या बाई येणार होत्या दिवाळीनंतर. म्हणून मला काळजी नव्हती. आईला मी सांगितलं होतं की गंजाडच्या भाताचे आम्ही पापड करणार. ती म्हणाली, "शेत कोणाचं ते नाय बघत. दाणा नवा ना? मग नवं झाल्यावर कर." मी म्हटलं हो.

आणि मग मॅडमचा मेसेज आला. दिवाळीत कंपनीत कामाची गर्दी असते म्हणून बाई आधीच, दसऱ्यानंतर लगेच येणार.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. आमचं हळवं भात, म्हणजे लवकर तयार होणारं, कापून झालं होतं, गिरणीतून तांदूळ आला होता, पीठही दळून तयार. करायला कसलीच अडचण नव्हती. अडचण एवढीच की पाचांतल्या तिघांना ते तोंडात टाकता येणार नव्हतं. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अगं, करायला काय हरकत आहे? खायला मी कुठे सांगतेय?" ते खरंच होतं. हात लावायला बंदी नव्हती. दुकानदाराचा मुलगा म्हणाला, उकडीच्या वासानंच मला मळमळतं, मी स्लाइड बघतो. राहिली नरपडची. तिच्या घरी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देईपर्यंत होडी पाण्यात जात नाही, त्यामुळे माझं म्हणणं तिला लगेच कळलं. ती म्हणाली, "मी चाखते. तू घाबरू नको."

तांदळाच्या पापडाचं सगळं मर्म उकडीत असतं. पाणी उकळायचं, त्यात जिरं, पापडखार, मीठ, मग पीठ घालून घोटायचं आणि वाफ आणायची. डहाणूतल्या एका गुजराती बेननी आम्हाला दाखवलं होतं. त्यांच्याकडे त्या गरम उकडीवर तेल घालून तीच खातात, खीचू म्हणतात. उकडीची वाफ नाकात गेली की जीव जातो इतकी भूक लागते. आम्ही तिघं तोंडात पाणी धरून उभे, आणि नरपडची एकटी बोटानं चाखतेय. "अजून थोडं," ती म्हणाली. मी मूठभर मीठ घातलं. परत चाखलं. "अजून किंचित." मी घातलं. तिचा चेहरा खुलला. "आता कशी चव आली बघ." बघायचं कसं, ते तिलाच ठाऊक.

पापड लाटले, ड्रायरमध्ये कडक वाळले, पिशव्यांत भरले. दिसायला इतके सुरेख की मॅडमनी फोटो काढून ग्रुपवर टाकले. आणि त्या दिवसापासून माझं सुरू झालं. बसमध्ये, आंघोळ करताना, भांडी घासताना एकच. मीठ बरोबर असेल ना? मला आठवायला लागलं की नरपडचीच्या घरी मी एकदा जेवले होते तेव्हा कालवण इतकं खारट होतं की मी ताक मागून प्यायले होते, आणि तिची आई माझ्या पानात आणखी वाढत होती. सुक्या बोंबलावर वाढलेली जीभ ती. तिला जे बरोबर लागतं ते बाकीच्यांना लागेलच असं कुठं आहे? मी मॅडमना म्हटलं, तुम्ही एक तळून खाऊन बघा. त्यांची नवरात्रापासून प्रकृती बरी नव्हती, डॉक्टरांनी तळलेलं बंद केलेलं. दुकानदाराच्या मुलानं एक खाल्ला आणि म्हणाला, "भारी आहे." तो फोनवर बोलत होता. त्याला पुठ्ठा दिला असता तरी भारी म्हणाला असता.

ताईला सांगितलं. ती पाय भिंतीला लावून पडली होती. म्हणाली, "एक तुकडा खाऊन टाक ना मग. मी काय आईला सांगते?" मी तिच्यावरच उखडले. पण ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं आणि उठेना.

बाई आल्या. सुती साडी, पायात बूट, बोलणं थोडं. त्यांनी खताच्या खड्ड्यात हात घालून माती हुंगली. ड्रायरची काच उघडून आत हात धरला. नरपडचीला ऊन, वारा, झाकण यांबद्दल विचारलं, तिनं पटापट सांगितलं. आमच्या बाजूच्या त्या दोघांना विचारलं तर तेही बोलले, अडखळत का होईना पण बोलले, आणि मला इतका आनंद झाला की रडूच यायला लागलं. मग दुकानदाराच्या मुलानं स्लाइड दाखवल्या. इथवर सगळं नीट होतं.

मग पापड तळून समोर आले. बाईंनी तुकडा मोडला, चावला, थांबल्या. पाणी मागितलं. नरपडचीनं माझा दंड धरला.

"मीठ पुढे गेलंय," त्या म्हणाल्या.

"मॅडम, हल्ली लोकांना चटपटीतच आवडतं," दुकानदाराचा मुलगा म्हणाला. "आम्ही तसा सर्व्हे केलाय." आम्ही कसलाही सर्व्हे केलेला नव्हता.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. "लीडर कोण? तू? खाऊन बघ आणि सांग काय चुकलंय ते."

बशी माझ्यासमोर आली. मी पापड हातात घेतला. मॅडम माझ्याकडे बघत होत्या, डोळ्यांनी सांगत होत्या, खा गं बाई, एक घास. मागून तो मुलगा पुटपुटला, "खा ना, इथं कोण बघतंय." खरंच कोण बघत होतं? पाडा कुठे, गंजाड कुठे. मला देवीची भीती होती का? होती थोडी, खोटं कशाला बोलू. घरचं उशिराचं भात अजून शेतात उभं होतं, आणि त्या दिवसांत आभाळाचा काही भरवसा नसतो. पण त्याहून जास्त माझ्या डोळ्यांसमोर आई होती. चिखलात वाकून तिनं लावणी केली, हळव्याची कापणी केली, आणि त्या दिवशीही घरी ती रेशनचा वास मारणारा तांदूळ निवडत बसली होती. ती थांबली होती आणि मी इथं तिच्याआधी खाणार. माझ्यानं होईना.

"मी खाणार नाही," मी म्हटलं. आवाज नको तितका मोठा निघाला.

"का? तुमचाच माल आहे ना?"

"घरी अजून नवं झालेलं नाही," मी म्हटलं, आणि नवं म्हणजे काय ते सांगितलं. "आमच्यातल्या तिघांना चाखता येणार नव्हतं. चाखणारी एकटी हीच होती. तिची चूक नाही. उकड चाखताना मीठ कमीच लागायला हवं, वाळल्यावर ते वाढतं, हे मला आत्ता तुम्ही पाणी मागितलंत तेव्हा सुचलं. मी मुठीनं मीठ घातलं. घरी कुणी मीठ मोजत नाही म्हणून मीही मोजलं नाही. काटा होता, तो आम्ही पिठाला लावला, पिशव्यांना लावला, मिठाला लावला नाही. पुढच्या वेळी मीठ काट्यावर घालू, आणि एक पापड वाळवून, तळून, कुणाला तरी खायला दिल्याशिवाय बाकीचे लाटणार नाही."

बाईंनी डोकं हलवलं आणि आमच्या मॅडमशी इंग्रजीत काहीतरी बोलत गाडीकडे गेल्या. मॅडम परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. "एक घास, अगं," एवढंच त्या म्हणाल्या. इकोत बसल्यावर तलासरीपर्यंत तोंडावर ओढणी धरून रडले. गेली जागा, असंच मला वाटलं.

फोन आला तेव्हा मी चिंचेखाली उभी होते. आमच्या पाड्यावर तिथंच नेटवर्क मिळतं. बाई म्हणाल्या, "तू खाल्लं नाहीस ते मला आवडलं असं समजू नको. मिठाचं जे सांगितलंस त्यासाठी फोन केलाय. जागा तुला देते. पण आमच्याकडे नव्या तांदळाचा माल दिवाळीनंतर येतो आणि शिकाऊ मुलीला पहिल्या दिवसापासून चाखायच्या टेबलावर बसावं लागतं. दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी. जमेल?"

"जमेल," मी म्हटलं. का नाही म्हणणार? दिवाळीच्या तोंडावर नवं होणारच होतं, भगतानं दिवससुद्धा सांगितला होता. मी धावत घरी गेले. बाबा म्हणाले, "बरं झालं." त्यांच्याकडून एवढं म्हणजे मिरवणूकच. ताईनं उठून माझ्या डोक्यावर हात ठेवला.

आणि भगतानं सांगितलेल्या दिवसाच्या अगदी आधी शेजारच्या घरातला आजा गेला.

मी त्याच्या मांडीवर खेळलेली. त्याच्या अंगणात बसून मी रडले, आणि रडता रडता माझ्या मनात आलं, आता नवं कधी होणार? माझी मलाच लाज वाटली. पण विचार काही जाईना. आमच्या पाड्यात एका घराला सुतक असेल तर अख्खा पाडा थांबतो. दुःखातल्या घराला सोडून कुणी नवं खात नाही. भगत म्हणाला, त्यांचं सगळं आटपू दे, मग पुनवेच्या पुढे बघू. सोमवार त्याच्या कितीतरी आधी येत होता.

मी बाईंना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तू जमेल म्हणाली होतीस," त्या म्हणाल्या. "सोमवारी टेबलावर कुणीतरी बसायलाच हवं. मी शनिवारपर्यंत वाट बघते. मग तुमच्या गटातल्या त्या स्लाइडवाल्या मुलाला सांगते, तो तयार आहे." त्यांचं चुकत नव्हतं. माझाही इलाज नव्हता. इकडे आड, तिकडे विहीर.

ते दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. दिवाळी आली तशी गेली, कुणाच्या अंगणात काही नाही. नरपडची फोनवर म्हणाली, "तिथे जाऊन गुपचूप चाख, चूळ भर, थुंकून टाक." मी तिला म्हटलं, होडी गुपचूप काढशील का तू? भूक मेली होती. मी सगळ्यांवर खेकसत होते, कोंबड्यांवरसुद्धा. आईला मी एकदाच विचारलं, "काही मार्ग नाही का?" ती चुलीत लाकूड सारत होती. तिनं उत्तर दिलं नाही. मला तिचा राग आला. मी म्हटलं, "राहू दे. जाते ताईबरोबर. भरते खोके."

शनिवारी सकाळी मी चिंचेकडे निघाले होते, नाही म्हणून सांगायला. आईनं हाक मारली. "फोन कर आन सांग, येते म्हणून."

"आणि चाखायचं काय?"

"उद्या बघू. तू सांग तर."

मी सांगितलं. एकदा जमेल म्हणून फसले होते, आता परत तेच म्हणत होते, आणि आईच्या मनात काय आहे ते मला माहीत नव्हतं.

रविवारी सकाळी ओसरीवर भगत बसलेला. तोंड वाकडं करून. मी आत गेले तर आईनं कणगीतून नवं भात काढून कांडलं होतं आणि चुलीवर भात रटरटत होता. आमच्या घरात नवा भात शिजत होता, आणि शेजारी सुतक होतं. मी म्हटलं, "आई, हे काय करतेस?" ती म्हणाली, "शुक्रवारीच मी आजीकडं गेले होते. सांगितलं, पोरीचं असं असं हाय, माझ्या एकट्या घराचं नवं करू का?" आजी म्हणजे गेलेल्या आजाची बायको. "काय म्हणाली?" मी विचारलं. "म्हणाली, तुझी पोर, तुझा भात." याचा अर्थ हो होता की नाही, ते तेव्हा मला कळलं नाही. आईलाही कळलं नसावं. तिनं हो धरलं होतं.

भगतानं कणसरीचं केलं, पण घाईघाईत, आवाज न चढवता. एरवी नवं असतं तेव्हा दारात माणूस मावत नाही. या घरची पोरं त्या घरात, त्या घरची या घरात, प्रत्येकाच्या पानावर थोडा थोडा भात. त्या दिवशी आईनं तेवढाच भात शिजवला होता. अख्ख्या पाड्याला पुरेल इतका. मोठं पातेलं भरून. बाबांनी दारात उभं राहून हाका मारल्या, एकेकाच्या नावानं. बायका आपापल्या अंगणात उभ्या होत्या. कुणी वाईट बोललं नाही. कुणी आलंही नाही. आजी तिच्या दारात बसली होती, पांढरं लुगडं नेसून, आमच्याकडे बघत. थोड्या वेळानं ती उठून आत गेली.

भगतही जेवला नाही. मला उशीर होतोय म्हणाला आणि गेला.

आम्ही चौघं जेवायला बसलो. आईनं सगळ्यांना वाढलं. मी घास हातात धरून बसले होते, तो तोंडाकडे नेववत नव्हता. ज्या घासासाठी महिनाभर जीव टांगणीला लागला होता तो समोर होता, आणि मला वाटत होतं, नको, परत टाक हे सगळं पातेल्यात, मी जाते पॅकिंगला. ताई खाली मान घालून रडत होती. आई म्हणाली, "खा. बस चुकेल." मग तिनं स्वतः पहिला घास घेतला, पाड्याच्या आधी, आणि गिळला. जन्मात तिनं असं कधी केलं नव्हतं. मग मी खाल्ला.

भात चांगला होता. मऊ, गोडसर, नव्या तांदळाचा असतो तसा.

मला सोडायला आई हायवेपर्यंत आली. वाटेत दोन बायका भेटल्या, त्यांनी आईकडे न बघता मला विचारलं, "निघाली काय गं?" आई पुढे चालत राहिली. बस दिसली तेव्हा मी म्हटलं, "आई, तिथं माझं नाही जमलं तर?" मला वाटलं ती म्हणेल, तर ये परत, घर आहे.

ती म्हणाली, "जमव. आता तू परत आलीस तर मी पाड्याला काय सांगू?"

मी चढले. खिडकीतून बघितलं तर ती पाठ फिरवून निघालीही होती, एकटी, पाड्याच्या वाटेनं.